आहार-व्यायामाला रविवारची सुटी नको

आपल्याकडे कोणताही चांगला संकल्प सोमवारपासून सुरू होतो. "सोमवारपासून चहातली साखर बंद", "सोमवारपासून पहाटे फिरायला जायचे" असे म्हणणारी माणसे घरोघर सापडतील. सोमवार-मंगळवारी संकल्प मोठ्या उमेदीने चालतो. गुरुवारपर्यंत तो थोडा दमतो. शनिवारी दुपारी तो पडवीत आडवा होतो आणि रविवारी त्याची कोणी आठवणही काढीत नाही. पुन्हा सोमवार येतो, पुन्हा संकल्प! असे वर्षाचे बावन्न सोमवार जातात. माणूस प्रामाणिक असतो, आठवडाभर मन मारतो, तरी वजन उतरत नाही, रक्तदाब उतरत नाही. आणि शेवटी "आमच्या अंगालाच काही मानवत नाही" असे म्हणून तो नाद सोडून देतो. पण यात अंगाचा दोष नसतो. आठवड्याच्या शेवटच्या दोन दिवसांचा हिशेब मांडायचा राहून गेलेला असतो. तो आज आपण मांडून पाहू.

उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्यातले, गुहागर तालुक्यातले हेदवी हे गाव घेऊ. टेकडीवर दशभुजा गणेशाचे देऊळ, खाली समुद्र, काठाला उमामहेश्वराचे स्थान आणि त्याच्याजवळ खडकातली ती प्रसिद्ध बामणघळ. शनिवार-रविवार आला की गावात चार तऱ्हेची माणसे दिसतात. पहिला मुंबईहून दोन दिवसांसाठी घरी आलेला चाकरमानी. दुसरा पुण्या-कोल्हापुराकडून देवदर्शनाला आणि समुद्र पाहायला आलेला पाहुणा. तिसरे गावातले गुरुजी किंवा कचेरीतले कारकून, ज्यांना खरोखरच सुटी असते. आणि चौथी, या सर्वांना जेवू घालणारी घरची बाई, जिला त्याच दोन दिवशी सर्वांत जास्त काम पडते. या चौघांचा रविवार सारखा नाही, आणि म्हणून चौघांना एकच उपदेश करून भागणार नाही.

पण रविवारची ही सुटी आपल्याला मिळाली कशी, ते आधी पाहू. पुष्कळांना वाटते की ती इंग्रजांनी आपण होऊन दिली. साहेबाला ती होतीच. गिरणीतल्या कामगाराला मात्र नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती मागितली. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि मागण्या मांडल्या. त्यांत आठवड्यातून एक दिवस सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या दोन मागण्या होत्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. त्या काळच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेली माणसे फार मोठ्या संख्येने होती. म्हणजे या सुटीसाठी ज्यांनी आवाज उठवला, त्यांत आपल्याच कोकणातल्या कित्येक घरांचे आजे-पणजे असणार.

ही सुटी कशासाठी मागितली होती? यंत्रापुढे उभे राहून शिणलेल्या अंगाला विसावा मिळावा म्हणून. दुसऱ्या शब्दांत, रविवार हा मुळात शरीराच्या हक्काचा दिवस आहे. आज आपण तोच दिवस शरीराला सर्वांत जास्त त्रास देण्यात घालवतो. अवेळी उठणे, अवेळी जेवणे, दिवसभर बसणे, आणि वर तळलेले, गोड, पुन्हा तळलेले. गिरणी कामगाराचे काम अंगमेहनतीचे होते, त्यामुळे त्याला रविवारी बसणे हीच विश्रांती. आपल्यापैकी पुष्कळांचे काम आठवडाभर बसूनच असते. जो सहा दिवस बसला, त्याची विश्रांती उठण्यात आहे.

शिवाय आता ही सुटी वाढली आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शाळा-महाविद्यालये त्यातून वगळली होती, आणि अनेक शाळांत शनिवारची सकाळची शाळा अजून आहे. तरी शनिवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत मोकळीक आहेच. सात दिवसांतले दोन दिवस म्हणजे वर्षातले शंभराहून जास्त दिवस. अपवाद म्हणून सोडून देण्याइतका हा आकडा लहान नाही.

आता खाण्याचे गणित. अन्नातून मिळणाऱ्या शक्तीचे माप म्हणजे उष्मांक, हे आपण शाळेत शिकलो आहोत. समजा, एका गुरुजींच्या शरीराला रोज दोन हजार उष्मांक लागतात. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले आहे. सोमवार ते शुक्रवार ते रोज अडीचशे उष्मांक कमी खातात. पाच दिवसांची बचत झाली साडेबाराशे. शनिवार-रविवारी ते रोज सहाशे जास्त खातात. दोन दिवसांचा खर्च झाला बाराशे. शिल्लक राहिली पन्नास! पाच दिवसांच्या संयमाची कमाई पन्नास उष्मांक, म्हणजे अडीच चमचे साखर.

"सहाशे जास्त कसे होतील? आम्ही काही राक्षसासारखे खात नाही," असे कोणी म्हणेल. मोजून पाहू. पोह्यांचा मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम साजूक तूप घेतले तर त्याचे झाले सुमारे १३५ उष्मांक. गरम मोदकावर असे दोन चमचे सहज पडतात. पाहुणे आले म्हणून तीन चहा जास्त झाले, प्रत्येकात दोन चमचे साखर, की आणखी सुमारे १२०. गप्पा मारता मारता पन्नास ग्रॅम फरसाण तोंडात गेले, की अडीचशेच्या आसपास. झाले की नाही सहाशे? आणि यात जेवणाचे ताट अजून मांडलेलेच नाही. आता उलट बाजू पाहा. साठ किलो वजनाच्या माणसाला एक चमचा तूप खर्च करायला अर्ध्या तासाहून अधिक चालावे लागते. खायला लागते अर्धे मिनिट! म्हणून "आज खातो, उद्या चालून काढतो" हा हिशेब सहसा जुळत नाही.

हेदवीची बामणघळ ज्यांनी भरतीच्या वेळी पाहिली आहे, त्यांना एक गोष्ट चटकन पटेल. काठच्या कातळात एक अरुंद घळ आहे. तीच लाट शेजारच्या पुळणीवर येते तेव्हा पसरून जाते, पायाच्या घोट्यापर्यंतसुद्धा येत नाही. घळीत शिरली की तिला जागा पुरत नाही आणि पाणी उंच उसळते. मोदक, मटण, भजी, फरसाण, सरबते ही आठवडाभरात पांगून आली, तर धडधाकट शरीर ती पचवून टाकते. आपण ती दोन दिवसांच्या घळीत कोंबतो, आणि मग रक्तातल्या साखरेने उसळी मारली की नवल करतो.

ती कोंबली जातात याला आपल्या चालीरीतीही कारण आहेत. अनेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार हे वार पाळतात, त्या दिवशी मासे-मटण नसते. मग सर्व हौस रविवारवर येऊन पडते. शनिवारी मारुतीचा उपास असतो. संकष्टी असली तर चंद्रोदयापर्यंत पोट रिकामे. उपास मुळात पोटाला हलके ठेवण्यासाठी, पण ताटात काय असते? साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात शेंगदाण्याचा कूट, वर तूप, शेजारी बटाट्याचा कीस आणि तळलेल्या पापड्या. रोजच्या भाकरी-भाजीच्या जेवणापेक्षा हा उपास जड! आणि संकष्टीला तर दिवसभर उपाशी राहून रात्री नऊ-दहाला पोटभर जेवायचे नि लगेच निजायचे.

उपास सोडा असे मी म्हणत नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय आहे. पण उपासालाच चालणारे हलके पदार्थ आपल्याकडे भरपूर आहेत. वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, उकडलेले रताळे, ताक, एखादे फळ, मूठभर शेंगदाणे. साबुदाणा एकदाच आणि थोडा. चंद्रोदयानंतरचे जेवण साधे वरण-भात-भाजीचे, आणि मोदक त्या जेवणाचा भाग म्हणून. जेवण पोटभर झाल्यावर वरून चार नव्हेत. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन चालू असेल, त्यांनी मात्र उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. औषध पोटात आणि अन्न नाही, अशाने रक्तातली साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हे सगळे एवढ्या बारकाईने सांगण्याचे कारण आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. लाखाहून अधिक लोक तपासले होते, आणि त्यांतले बहुसंख्य खेड्यांतले होते. देशातल्या प्रौढांपैकी ११.४ टक्के मधुमेही आढळले, म्हणजे साधारण नऊ जणांत एक. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के लोकांत, म्हणजे तिघांत एक. मधुमेह हा शहरातल्या श्रीमंतांचा रोग ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. पूर्वी खेड्यातल्या माणसाला व्यायाम वेगळा करावा लागत नसे. विहिरीचे पाणी, जात्यावरचे दळण, डोक्यावरची लाकडे, चढणीची वाट यांतच तो होऊन जाई. आता दारात नळ आहे, दुकानात तयार पीठ आहे, वाटेवर स्कूटर आहे. हे सुख मिळाले ते चांगलेच झाले. आपल्या आजीने वाकून वाकून जे सोसले ते कोणाला पुन्हा नको. पण तिच्या अंगाला जी हालचाल मिळत होती, ती आपल्याला आता ठरवून करावी लागेल.

तर किती करावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे आहे: प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. झपझप चालणे हे त्याचे सोपे उदाहरण. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग असावा. शिवाय आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असे काही करावे.

इथे एक दिलासा देणारी गोष्ट सांगतो. २०२३ साली एका अमेरिकन वैद्यकीय पत्रिकेत ब्रिटनमधल्या सुमारे ८९,५०० लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र आठवडाभर बांधले होते. असे दिसले की, ज्यांनी १५० मिनिटांची हालचाल रोज थोडी थोडी केली आणि ज्यांनी तीतली बरीचशी एक-दोन दिवसांतच केली, त्या दोघांनाही हृदयविकार व पक्षाघात यांपासून जवळजवळ सारखाच बचाव मिळाला. मुंबईच्या लोकलमध्ये आठवडा काढणाऱ्या चाकरमान्याने हे ध्यानात ठेवावे. पाच दिवस वेळ मिळाला नाही म्हणून "आता काय उपयोग" असे म्हणू नये. शनिवार-रविवारी गावी आल्यावर सकाळी सव्वा-सव्वा तास चालला, तरी त्याचे १५० मिनिटांचे माप भरते. फक्त सवय नसेल तर पहिल्याच दिवशी सव्वा तास नको. वीस मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. छातीत दुखणे, दम लागणे असा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

सांगायचा मुद्दा असा की, हालचाल दोन दिवसांत गोळा करता येते, पण खाण्याचा संयम पाच दिवसांत गोळा करून दोन दिवसांत उधळला, तर हाती काही उरत नाही. सुटीचे दोन दिवस व्यायामाला फार सोयीचे आणि खाण्याला फार धोक्याचे आहेत. आपण नेमके उलटे करतो!

झोपेचेही तसेच. रोज साडेपाचला उठणारा माणूस रविवारी साडेआठला उठतो, कारण शनिवारी रात्री एक वाजेपर्यंत तो पडद्यासमोर बसलेला असतो. शरीराच्या आत एक घड्याळ आहे. भूक, झोप, रक्तातली साखर या सर्वांच्या वेळा ते सांभाळते. सुटीला तीन तास उशिरा उठणे म्हणजे त्या घड्याळाच्या दृष्टीने मुंबईहून विमानाने तीन तास मागच्या देशात जाणे आणि सोमवारी पहाटे परत येणे. जर्मनीतले टिल रोनेबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली याला 'सामाजिक जेटलॅग' असे नाव दिले. सोमवारचे ते जड डोके आणि वर्गात येणाऱ्या जांभया पुष्कळदा यामुळेच असतात. म्हणून सुटीच्या दिवशी झोपावे, अवश्य झोपावे, पण उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे ढकलू नये. कमी पडलेली झोप शनिवारी रात्री लवकर निजून भरून काढावी.

आता हेदवीतल्या आपल्या चार माणसांकडे वळू.

पाहुण्याने गाडी टेकडीच्या पायथ्याशी ठेवावी आणि देवळापर्यंत चढून जावे. देवाला चालत गेलेला माणूस आवडतोच, हृदयालाही आवडतो! ओहोटी असेल तेव्हा ओल्या, घट्ट पुळणीवर तासभर चालावे. बामणघळीच्या कातळावर मात्र भरतीला किंवा पावसाळ्यात व्यायामाचे धाडस करू नये. शेवाळ आणि लाट दोन्ही फसवतात.

चाकरमान्याने घरी आल्यावर आईजवळ रोज सणाचा बेत मागू नये. तळलेल्या सुरमईइतकीच बांगड्याची किंवा तारलीची कालवणातली चव आठवावी. हे साधे मासे प्रकृतीला उत्तम. सकाळी मऊभात किंवा घावणे, जेवणात कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी, आमटीत शेवग्याच्या शेंगा, शेवटी सोलकढी. हे कोकणातले जुने जेवण आजच्या आहारशास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहे. रविवारी हौसेचा पदार्थ एकच ठरवावा आणि एकाच वेळच्या जेवणात, चवीने, पोट भरेपर्यंत नव्हे तर जीभ तृप्त होईपर्यंत खावा. मोदक असेल तर भजी नको, मटण असेल तर श्रीखंड नको. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतल्या मिठाकडेही लक्ष असावे. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एका लहान चमच्याइतकेच मीठ पुरे.

गुरुजींना आणखी एक काम सांगतो. शनिवारच्या सकाळच्या शाळेत कवायत असते. पन्नास-साठ मुलांकडून हातपाय हलवून घेताना आपणही त्यांच्यासमोर उभे राहून ती करावी. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालीत, आणि म्हणूनच ते संस्थानातल्या शाळांत रुजवू शकले. १९३८ साली त्यांची ही पद्धत सांगणारे पुस्तक लंडनमध्ये इंग्रजीत निघाले, इतका तिचा बोलबाला झाला. शिवाय मुलांना सात रकान्यांचा तक्ता करायला सांगावे. रोज काय खाल्ले, किती वेळ खेळलो, कधी उठलो, एवढेच लिहायचे. सोमवारी वर्गात तो वाचून पाहावा. रविवारचा रकाना इतर दिवसांहून किती वेगळा निघतो ते मुले आपण होऊन सांगतील, आणि घरी जाऊन आईबापांनाही सांगतील.

राहिली चौथी, चुलीपुढची बाई. पाहुण्यांची तिसरी पंगत उठेपर्यंत दुपारचे तीन वाजतात. तोवर तिच्या पोटात चार कप चहा आणि चव पाहताना खाल्लेले तुकडे. मग उरलेला भात आणि तळणीतला चुरा उभ्याउभ्या खाऊन ती भांड्यांना लागते. तिला "रविवारी संयम ठेवा" हे सांगणे हा क्रूर विनोद होईल. तिच्यासाठी नियम एकच आणि तो घरातल्या इतरांनी पाळायचा: पहिली पंगत बसण्यापूर्वी, अकराच्या सुमाराला, तिचे ताट वाढले गेले पाहिजे आणि तिने ते बसून खाल्ले पाहिजे. आणि पाहुणे गेल्यावर सोमवार किंवा मंगळवार हा तिचा रविवार मानावा. त्या दिवशी दुपारचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करावा. लोखंड्यांनी मागितलेली सुटी अजून तिच्यापर्यंत पोचायची आहे.

इतके करूनही एखादा रविवार बिघडेल. लग्नकार्य निघेल, गणपती येतील, शिमग्याची पालखी दारात येईल. अशा वेळी दोन चुका टाळाव्यात. "एकदा मोडलेच आहे, आता पुढच्या सोमवारी पाहू" असे म्हणून उरलेला आठवडा सोडून देऊ नये. आणि प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी कडकडीत उपासही करू नये. भुकेलेला माणूस संध्याकाळी दुप्पट खातो. पुढचे जेवण नेहमीचे साधे घ्यावे आणि नेहमीच्या वेळेला चालायला जावे, बस्स. नेम मोडला तर तो पुन्हा धरायला सोमवारच लागतो असे नाही; रविवारची संध्याकाळही चालते.

तेव्हा येत्या शनिवारी रात्री, निजण्यापूर्वी, तीन गोष्टी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रविवारच्या चौकोनात लिहून ठेवा: कधी उठणार, कुठवर चालणार, आणि हौसेचा एक पदार्थ कोणता. रात्री त्या चौकोनात जे पार पडले त्यावर खूण करा. महिन्याचे चार चौकोन एकदम दिसू लागले, की कोणाच्या उपदेशाची गरज राहणार नाही. आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब आणि साखर एकदा तपासून घ्यावी. हे काम मात्र सुटीच्या दिवसावर टाकू नका.